तुरीच्या दाण्याएवढी

"शामूऽऽ! अगा शामू! तुले ऐकू येते काय गा?"

मार्थाकाकू माझ्या उजव्या कानापासून वीतभर अंतरावर उभ्या राहून ओरडत होत्या. ते ओरडणं असं खणखणीत की कूलरच्या वाळ्याच्या ताटीतून ठिबकणारे थेंब अर्ध्या वाटेत थबकले आणि आमच्या हुडकेश्वरच्या वस्तीत जिथे जिथे घरं बांधली जात होती, तिथल्या मिस्त्र्यांनी थाप्या खाली ठेवून आकाशाकडे पाहिलं. मे महिन्याची दुपार. बाहेर रस्त्याचं डांबर गुळासारखं मऊ झालेलं. आत वाळ्याचा तो ओला, मातकट, शीतल परिमळ, आणि त्या परिमळाच्या मधोमध खुर्चीत बसलेला मी, तोंड मिटून.

"ऐकू येते यांना, काकू!" माझी बायको शालिनी स्वयंपाकघरातून ओरडली. "बोलायचं नाही फक्त! डॉक्टरनं मनाई केली!"

"काय म्हणते वं?"

"बोलायचं नाहीऽऽ!"

"हो, तेच तं म्हणून राहिली मी," काकू समाधानाने म्हणाल्या आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवत, त्याच पट्टीत, शेजारच्या चार गल्ल्यांना कळवत्या झाल्या, "बिचाऱ्याचे कान गेले!"

काकू म्हणजे माझ्या धाकट्या काकांच्या पत्नी. मागच्याच गल्लीत राहतात. त्यांना स्वतःला कमी ऐकू येतं. मुलाने आणून दिलेलं कानाचं यंत्र त्यांनी बॅटरी संपेल म्हणून कपाटात साड्यांच्या घडीत जपून ठेवलं आहे. तेव्हा त्यांनी ओरडावं हे समजण्यासारखं होतं. पण बाकीच्या नागपूरला काय झालं होतं? मनुष्य बोलेनासा झाला की तो बहिराही झाला, असा सिद्धान्त या शहरात कुणी आणि कधी मांडला? भाजीवाला माझ्या तोंडासमोर दोडका नाचवत किंचाळे. गॅसवाला हातवारे करून सिलिंडर म्हणजे काय ते समजावून सांगे. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी तर फोनच केला. इकडून काही आवाज येईना म्हणून "सलाम, शमुवेलभाऊ, सलाम" असं क्रमाक्रमाने चढत्या स्वरात म्हणत राहिले आणि अखेर, लाईन खराब आहे असं मलाच सांगून, त्यांनी तो ठेवला.

आता माझ्या आवाजाविषयी थोडं सांगणं भाग आहे. ते मी नम्रपणे सांगतो, कारण नम्रता हा माझा मोठा गुण आहे, हे मी आयुष्यभर सगळ्यांना ओरडून सांगत आलो आहे. लकडगंजला लाकूड कापायच्या एका आरामशीनवर माझी उमेदीची वर्षं गेली. सागाच्या ओंडक्यात करवतीचं पातं शिरतं तेव्हा जो आकांत उठतो, त्याच्यावर आवाज चढवून 'थांब', 'फिरव', 'उलट घे' हे सांगायचं, हीच माझी नोकरी. सुरुवातीला करवत जिंकायची. पुढे पुढे माझी हाक आली की करवतच जरा दबकून चाले. लाकूड तर माझ्या आवाजानेच चिरलं जायचं, पातं नुसतं शोभेला, असं आमचे जुने कामगार सांगतात. ते सांगतात म्हणजे मी त्यांना सांगितलं, आणि त्यांनी नाही म्हटलं नाही.

आमच्या मंडळीत हंगामाचा सण असतो. ज्याच्या घरी जे पिकलं ते त्याने देवळात आणायचं, वेदीपुढे ठेवायचं, आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव करायचा. भोपळे, मेथीच्या जुड्या, कुणाची कोंबडी, कुणाच्या हातचं लोणचं. पुकारायचं काम माझं. एके वर्षी एका गावठी अंड्याची बोली मी अशी रंगवत नेली की शेवटी ते घेणाऱ्याच्या हातात पडेपर्यंत त्यातून पिल्लू निघून चालायला लागलं होतं. आणि माझं 'आमेन'? त्या 'आमेन'ने देवळाच्या छतावरची कबुतरं एकदा अशी उडाली की थेट काटोलला जाऊन उतरली आणि तिथल्या संत्र्यांच्या बागांत स्थायिक झाली. त्यांची पिलं आजही त्या गावचं पाणी पितात. माझी प्रार्थना लांबही असे. ती सुरू होताना मांडीवर असलेली लेकरं ती संपताना शाळेत जाऊ लागत. सगळी मंडळी चुळबुळत. स्थिर बसत त्या एकट्या मार्थाकाकू. डोळे मिटलेले, मान संथ डोलणारी, चेहऱ्यावर तृप्ती. ऐकू कमी येत असलं तरी माझा आवाज त्यांच्यापर्यंत पोचतो, याविषयी मला शंका नव्हती. माझा आवाज पाट्या-वरवंट्यालाही ऐकू जाई!

असा तो आवाज थंडीच्या अखेरीस बसायला लागला. आधी खरखरला, मग फाटला, मग मे महिन्यातल्या एका सकाळी मी शालिनीला हाक मारली तर तोंडातून नुसती हवा आली. कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाई तरुण, मितभाषी. त्यांनी नळी घालून पाहिलं, पडद्यावर मला माझाच गळा दाखवला. ज्या गळ्याने कबुतरांना देशोधडीला लावलं, तो आतून एवढासा, गुलाबी, केविलवाणा दिसत होता! स्वरतंतूवर एक गाठ.

"लहान आहे," बाई म्हणाल्या. "तुरीच्या दाण्याएवढी. तुकडा तपासायला पाठवते. वाईट प्रकारची असेल तर मोठं ऑपरेशन करावं लागेल आणि आवाजाची खात्री देता येणार नाही. साधी असेल तर काढून टाकू. निकाल येईपर्यंत एक शब्दही बोलायचा नाही. कुजबुजायचंही नाही."

मी तोंड उघडलं. त्यांनी बोट ओठांवर ठेवलं. संपलं.

घरी आल्यावर शालिनीने माझ्या हाती स्टीलची ताटली आणि चमचा दिला. एकदा वाजवलं तर हो, दोनदा वाजवलं तर नाही, वाजवतच राहिलं तर चहा. संसारातल्या किती गोष्टी एवढ्यात भागतात, हे पाहून मी थक्क झालो. इतकी वर्षं मी जे बोलत होतो त्याचं तात्पर्य काढलं तर हो, नाही आणि चहा एवढंच उरत होतं की काय? शालिनी मात्र दिवसेंदिवस गप्प होत चालली. लग्न झाल्यापासून तिचं मला एकच मागणं होतं, जरा हळू बोला. शेजारी काय म्हणतील, लेक झोपली आहे, पाहुणे ऐकतील, जरा हळू. आता घरात तिला हवी होती तशी शांतता पसरली होती, आणि ती त्या शांततेत एखाद्या अनोळखी घरात वावरावं तशी दबकत वावरत होती.

आणि मग, कूलरसमोर पडलेल्या त्या निरर्थक दुपारी, मला माझ्याहून वरचढ असा थापाड्या भेटला.

खरं सांगतो, आजवर मी या बाबतीत कुणाला मोजत नव्हतो. एखाद्या गोष्टीचं मूळ आकारमान मला ठाऊक असतं, ते मी थोडं फुगवतो, ऐकणारा थोडं वजा करतो, आणि दोघेही हसतमुखाने घरी जातो. हा व्यवहार सचोटीचा आहे. पण चिंता! चिंतेपुढे मी शिकाऊ उमेदवार. ती येऊन उशाशी बसली आणि तो तुरीचा दाणा हातात घेऊन म्हणाली, हा पाहा. मी पाहिला, तर त्याला कोंब फुटला होता. दुसऱ्या दिवशी फांद्या. तिसऱ्या दिवशी त्या झाडाखाली माझी शवपेटी, सभोवती मंडळी, आणि शेवटचं गीत कोण म्हणतंय तर मंडळीतला डेव्हिडभाऊ, ज्याला जन्मात सूर सापडला नाही! मी ताटली दोनदा वाजवली. चिंतेला ती भाषा कळत नव्हती. ती फुगवून सांगते आणि ऐकणाऱ्याला वजा करू देत नाही, यातच तिची सगळी कला आहे. आणि तिच्या सगळ्या थापांच्या तळाशी एक गोष्ट अशी होती की जिच्यात कणभरही थाप नव्हती. मी शालिनीला पुन्हा कधी हाक मारू शकलो नाही तर? नुसती हाक. लकडगंजहून घरी आल्यावर फाटकातूनच मारतो ती.

प्रार्थना कर, असं तुम्ही म्हणाल. मी ख्रिस्ती घरात जन्मलो, आईच्या दुधाबरोबर प्रार्थना शिकलो. मला हे सुचलं नसेल का? पण तुम्हाला माझी अडचण कळणार नाही. मला आवाजाशिवाय प्रार्थना येतच नव्हती. मनातल्या मनात बोलायला बसलो की दोन वाक्यांवर गाडी अडे आणि तिसऱ्या वाक्याच्या जागी आरामशीन सुरू होई. पोहणाऱ्याला पाण्याबाहेर बसवून पोहून दाखव म्हणावं, तसं झालं. ज्या आकाशातल्या बापाशी मी जन्मभर गर्जना करून बोललो, त्याच्याशी मुक्याने कसं बोलायचं? त्याला ऐकू येतं का? आणि मग माझ्याच ध्यानात आलं की त्याच्या बाबतीत माझीही समजूत भाजीवाल्यासारखीच होती. तोही दिसत नाही, उत्तर देत नाही, म्हणून मी त्याच्या कानाशी ओरडत होतो!

निकाल यायच्या आदल्या संध्याकाळी आमच्या घरी प्रार्थनासभा ठेवली. आमच्याकडे अशा घरगुती सभेत साखळी प्रार्थना करतात. सगळ्यांनी गोल बसायचं, हात हातात घ्यायचे, डोळे मिटायचे, आणि एकेकाने पाळीपाळीने मोठ्याने प्रार्थना करायची. एकाचं 'आमेन' झालं की पुढच्याने उचलायचं. साखळी मध्ये तोडायची नाही, डोळे मध्येच उघडायचे नाहीत, हा दंडक. मार्थाकाकूंना 'आमेन' नीट ऐकू येत नाही, म्हणून त्यांच्या अलीकडच्या माणसाने आपली प्रार्थना संपली की त्यांचा हात दाबायचा. तो अलीकडचा माणूस वर्षानुवर्षं मीच. त्या दिवशीही आम्ही सवयीने तसेच बसलो. माझ्या डावीकडे शालिनी, उजवीकडे काकू. मुक्या माणसाला साखळीत बसवलं तर त्याच्यापाशी काय होईल, हा विचार एकाही शहाण्याच्या डोक्यात आला नाही. मोकळ्या मनाने सांगतो, माझ्याही नाही.

कूलर घोंघावत होता. नागपुरात मे महिन्यात प्रार्थना करायची म्हणजे कूलरवरून करावी लागते, त्यामुळे सगळेच जरा चढ्या आवाजात. पाळकसाहेबांनी सुरुवात केली. "हे प्रभू, आमच्या या बंधूच्या गळ्यातली ही बोराएवढी गाठ तुझ्या हाती देतो." मी दचकलो. तूर, बोर नाही! पण सांगू कसा? पुढे मंडळीतल्या एका बहिणीची पाळी. तिचा गळा भरून आला होता, आणि त्या भरात ती गाठ लिंबाएवढी झाली. मग डेव्हिडभाऊ. डेव्हिडभाऊ मूळचा काटोलचा, घरची संत्र्याची बाग. त्याला जगातली प्रत्येक वस्तू संत्र्याच्या मापाने दिसते. "प्रभू येशू!" तो गरजला. "तू पाहून राहिला! शमुवेलभाऊच्या नरड्यात संत्र्याएवढी गाठ हाये! मृगबहाराच्या संत्र्याएवढी, प्रभू! लहान नाही!"

हे ऐकून मला माझाच गळा फुगल्यासारखा वाटू लागला. हात दोन्ही बाजूंनी अडकलेले, ताटली दूर. मी पायाने जमिनीवर दोनदा ठोकलं, म्हणजे नाही. डेव्हिडभाऊला वाटलं, मला स्फुरण चढलं. "हो, प्रभू!" तो आणखी जोरात म्हणाला. "त्यालेबी पटून राहिलं!"

तुम्ही हसाल. आता मीही हसतो. पण त्या क्षणी माझा पाय जागच्या जागी थांबला. ही सगळी माझी माणसं होती, माझ्यावर जीव टाकणारी. त्यांच्यातल्या एकाच्याही मनात खोटेपणा नव्हता. प्रेमाने, कळवळ्याने, डोळ्यांत पाणी आणून ती एका तुरीच्या दाण्याचं संत्रं करत होती. आणि मी दुपारभर एकटा पडून दुसरं काय करत होतो? भीतीने सांगितलेली गोष्ट आणि प्रेमाने सांगितलेली गोष्ट, दोन्ही फुगतात. मग वस्तू जेवढी आहे तेवढी कुणापाशी ठेवायची?

तेवढ्यात लाईट गेली.

कूलरने एक दीर्घ निःश्वास टाकला, पंखा गरगरत मंदावला, आणि घर असं स्तब्ध झालं की ताटीतून टाक्यात पडणारा प्रत्येक थेंब वेगळा ऐकू येऊ लागला. पाळी शालिनीची होती. ती मंडळीत कधी दोन वाक्यांपलीकडे जात नाही. या वेळीही गेली नाही.

"बापा," ती म्हणाली, "यांचा आवाज मला परत दे. घर फार शांत झालं आहे. आमेन."

आणि पाळी माझ्यावर आली.

सगळे डोळे मिटून बसलेले. सगळे थांबलेले. सवयीने मी मनातल्या मनात माझी ठेवणीतली सुरुवात केली, सार्वभौम, सर्वसमर्थ, स्वर्गाच्या व पृथ्वीच्या इत्यादी. पण त्या शांततेत ते शब्द मला असे दिसले, जणू लग्नाच्या बँडचा लाल कोट घालून मी मोरीत हात-पाय धुवायला निघालो आहे. मी तो कोट उतरवला. मग राहिलं काय? राहिलं ते सांगितलं. गळ्यात गाठ आहे. तुरीच्या दाण्याएवढी. मला भीती वाटते. शालिनीला हाक मारायची आहे.

पुढे काही सुचलं नाही. सुचायची गरजही नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादी गोष्ट तिच्या मूळ मापाने सांगितली होती, आणि ऐकणारा असा होता की ज्याला माप आधीच ठाऊक होतं.

मग काय झालं? माझ्यासारख्याला ही केवढी संधी! प्रकाश दिसला म्हणू शकलो असतो. पंखांची फडफड, काटोलहून परतलेली कबुतरं! पण या एका गोष्टीवर माझ्याकडे थाप नाही. काहीही झालं नाही. दाणा दाण्याएवढा राहिला. मी पाहत राहिलो, आणि तो वाढला नाही. उद्या कसाही उगवला तरी मी ज्याच्यापुढे बसलो आहे तो उद्याही तिथे असणार, हे मला असं साधंसरळ कळलं, जसं आपल्या घराचं फाटक कुठल्या बाजूला उघडतं हे कळतं. चिंता दाराशी उभी होती. तिला कुणी 'या, बसा' म्हटलं नाही. मी तिला हाकललं नाही, तिच्याशी वाद घातला नाही. माझं लक्ष दुसरीकडे होतं.

माझ्या उजव्या हातात काकूंचा हात होता. कोरडा, हलका, वाळक्या पानासारखा. तो वाट पाहत होता, पण घाई करत नव्हता. मला तो दाबायचा होता आणि दाबवेना. त्या शांततेतून उठावंसं वाटेना. तहानलेला मनुष्य माठाशी उभा राहतो आणि दुसरा पेला भरतो, तसा मी अजून थोडा, अजून थोडा बसलो. किती वेळ? पाळकसाहेब म्हणतात पाच-सात मिनिटं. डेव्हिडभाऊ म्हणतो अर्धा तास. माझ्या हिशेबाने तेवढ्यात संत्र्याचा एक बहार येऊन, तोडला जाऊन, बाजारात विकला गेला. एकानेही डोळे उघडले नाहीत. दंडकच तसा. माझं 'आमेन' येत नाही तोवर माझी प्रार्थना चालू आहे. आणि माझं 'आमेन' तर येणार नव्हतं! माझ्या मुकेपणाने त्या सगळ्यांना त्या शांततेत कोंडून ठेवलं होतं, आणि कोंडलेल्यांपैकी एकानेही तक्रार केली नाही. पलीकडे डेव्हिडभाऊचा श्वास आधी धापेसारखा येत होता, तो हळूहळू संथ झाला. शालिनीचे खांदे खाली आले. तिची बोटं माझ्या डाव्या हातात इतका वेळ ताठ होती, ती सैल पडली.

मग मी काकूंचा हात दाबला.

"प्रभूऽऽ!" काकू गरजल्या. छत हललं. "आमच्या शामूचे कान बरे कर! आमेन!"

साखळी तुटली. आधी शालिनी हसली. मग पाळकसाहेब, मग सगळं घर. मी हसलो तर गळ्यातून नुसतं वारं आलं, दुखलंही, पण थांबवता येईना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्यातलं हसण्याचं किती आणि दुसरं किती, हे मी तपासत बसलो नाही. काकू सगळ्यांकडे कौतुकाने पाहत राहिल्या. त्यांना वाटलं असावं, लगेच गुण आला. त्या संध्याकाळी मी पोटभर जेवलो आणि लाईट येण्याची वाट न पाहता झोपलो.

दुसऱ्या दिवशी निकाल आला. गाठ साधी होती, ओरडून ओरडून आलेली. पुढे ती काढली. यावरून कुणी असं समजू नये की माझ्या मुक्या प्रार्थनेने तिला साधी केली. दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी एक गृहस्थ बसले होते, हातात हात धरून त्यांची लेक बसली होती. त्या दोघांनी आपल्या परीने माझ्याहून कमी प्रार्थना केली असेल असं मला वाटत नाही. त्यांचा निकाल चांगला नव्हता. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. बोलता येत नव्हतं ते बरंच झालं, मी बोललो असतो तर काहीतरी मोठं बोललो असतो. त्यांचं नाव मला माहीत नाही, पण माझ्या प्रार्थनेत ते येतात, आणि येतात ते बिननावाचेच. ज्याला सांगतो त्याला नाव ठाऊक आहे.

प्रार्थनेने तुकडा बदलत नाही. तुकडा तर आदल्या आठवड्यातच बाटलीत गेला होता. बदललं ते एवढंच, की निकाल ऐकायला आत गेलो तेव्हा माझ्याबरोबर झाड नव्हतं, शवपेटी नव्हती, डेव्हिडभाऊचं गाणं नव्हतं. एक तुरीचा दाणा होता आणि मी होतो, आणि दोघेही एकटे नव्हतो. चिंता त्यानंतर येत नाही असं नाही. येते. परवा लेकीची बस उशिरा आली तेव्हा आली होती, आणि येताना अख्खा अपघात सोबत घेऊन आली होती. मी तिला जुनाच प्रश्न विचारला, मूळ माप काय? बस उशिरा आहे. बरं. मग ते तेवढंच वर सांगितलं. लेक आली, तोवर माझा चहा पिऊन झाला होता.

आवाज परत आला, पण अर्धाच. वरची पट्टी गेली. हंगामाच्या सणाला आता डेव्हिडभाऊ लिलाव पुकारतो आणि अंडी अंडीच राहतात. कबुतरं काटोलहून परत आल्याची वदंता आहे. फाटकातून मी शालिनीला हाक मारतो ती स्वयंपाकघरापर्यंत पोचत नाही, म्हणून संध्याकाळच्या वेळी ती फाटकाजवळ येऊन उभी राहते. तक्रार कुणाचीच नाही.

यंदाच्या मे महिन्यात पुन्हा ताट्या बदलल्या, पुन्हा पहिलं पाणी त्यांच्यावर पडलं, आणि तो वाळ्याचा ओला, मातकट गंध घरभर फिरला. गंधाची स्मृती किती प्रामाणिक असते! मी डोळे मिटले आणि थेट त्या शांततेत जाऊन बसलो. एव्हाना मी देवळात त्या संध्याकाळची साक्ष अनेकदा दिली आहे, आणि या अर्ध्या आवाजातसुद्धा ती जरा वाढत चालली आहे, हे मी नाकारत नाही. कोकीळ थांबली होती हे मी घातलं. पाळकसाहेबांच्या डोळ्यांतून अश्रू ओघळले हे घातलं. पण एक प्रश्न मला खरोखर होता. त्या वर्तुळात माझ्या सर्वांत जवळ, माझ्या हातात हात देऊन बसल्या होत्या त्या मार्थाकाकू. माझ्या प्रार्थनांच्या जुन्या, निष्ठावंत श्रोत्या. माझी गर्जना अचानक मौन झाली, तेव्हा त्यांना काय जाणवलं असेल?

काकू समोरच कूलरपुढे केस मोकळे करून बसल्या होत्या. माझा आवाज त्यांच्यापर्यंत जाणं शक्य नव्हतं, म्हणून माझा प्रश्न शालिनीने विचारला. विचारला म्हणजे त्यांच्या कानाशी वाकून असा ओरडून विचारला की बाजूच्या बांधकामावरचे मिस्त्री पुन्हा थांबले. जी बाई जन्मभर मला हळू बोला म्हणत आली, तिचा हा आवाज ऐकून मी खुर्चीत सावरून बसलो.

"त्या दिवशी यांनी मुक्यानं प्रार्थना केली, काकूऽऽ! तुम्हाला काय वाटलं तेव्हाऽऽ?"

काकूंनी केसांतली फणी बाजूला ठेवली. माझ्याकडे पाहिलं.

"मले काय वाटन गा?" त्या म्हणाल्या. "मले तं तुही प्रार्थना कधीच ऐकू आली नाही. तू हात दाबतो, मंग मी सुरू करते. त्या दिवशी जरा उशिरा दाबला तू."